खोटा उत्तरार्ध

५ मार्च १९८४

ताईची तार आली. "गुरुवारी बोटीने पोचते." येऊ का, असं विचारायची पद्धत शांघायमध्ये नसावी.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा बाईसाहेबांना रजा मिळत नव्हती. संगीत विद्यालयात परीक्षा होत्या म्हणे. आता अख्खा हिवाळा उलटल्यावर तिथल्या रेडिओवाल्यांना बाबांची 'धुक्यातली नाव' ही रचना ध्वनिमुद्रित करून हवी झाली, तर रजा कशी झटकन मिळाली! वाजवणार कोण? अर्थात तीच. बाबांची वाचा गेली, उजवी बाजू गेली. छिन हे वाद्यच असं, त्याच्या सात तारा छेडायच्या त्या उजव्या हाताने. डावा शाबूत आहे, पण डावा नुसता तार दाबतो, तिच्यावरून घसरतो. छेडल्याशिवाय तार बोलणार कशी?

सकाळी छू वैद्य सुया टोचून गेले. जाताना म्हणाले, "खाट अशीच ठेव, उजवी बाजू भिंतीला. उजवा कान निकामीच आहे ना त्यांचा? मग काय सांगायचं ते डावीकडून सांगत जा." मला शिकवतात! जुनं संगीत गुन्हा ठरलं त्या वाईट वर्षांत शाळेच्या पटांगणावर सगळ्यांदेखत बाबांच्या कानावर ठोसा बसला, तेव्हा रक्त पुसायला मी होते. शांघाय नव्हतं.

८ मार्च

आली. राखाडी कोट, केस कुरळे केलेले. हातात दुधाच्या गोळ्यांचा डबा, बाबांचे दात कधीच पडलेत हे माहीत नसल्यासारखा. बोटीवरून उतरताना हमालाशी शहरी भाषेत बोलली आणि त्याने तिला दुप्पट मजुरी सांगितली. मी मध्ये पडले नाही.

दारात माझ्याकडे बघून म्हणाली, "शू, किती वाळलीस गं."

मी म्हटलं, "दोन माणसांची कामं एकटीने केली की वाळतं माणूस."

तिने मान खाली घातली. नाटकं.

जेवण झाल्यावर बाबांच्या खोलीत बसून तिने त्यांचं छिन मांडलं. आधी तारांवरून बोट फिरवून म्हणाली, "अजून रेशमीच? मी आता पोलादी लावते. सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं." शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला हे काय लग्नातलं पिपाणं आहे? मग 'धुक्यातली नाव'चा पूर्वार्ध वाजवला. तो तिला येतो, कारण ती इथे असतानाच बाबांनी रचला: पहाटेचा आपला घाट, नदीवर धुकं, नाव दिसत नाही, नुसतं वल्हं ऐकू येतं. बरा वाजवला. बरा म्हणजे चांगला. लिहायला माझं काय जातं, हे कोण वाचणार आहे.

पण खरी गंमत पुढेच. तिने पहिली तार छेडली आणि बाबांनी तिच्याकडून मान फिरवून तोंड भिंतीकडे केलं! शेवटचा स्वर विरेपर्यंत तसेच, डावा कान वर करून पडून होते. ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतकी वर्षं गेली, पण ती सोडून गेली हे माणूस विसरलेला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन मिरचीचं लोणचं घातलेला भात आणखी एक वाडगाभर खाल्ला.

१० मार्च

रोज तेच. ती वाजवते, बाबा भिंतीकडे वळतात. आज ती म्हणाली, "बाबांना आवडत नसेल तर थांबू का?" मी म्हटलं, "तू ठरव. वाचा गेली तरी माणूस बोलतोच, समजणाऱ्याला समजतं."

११ मार्च

ज्याची वाट बघत होते ते आज आलं. मी धुरावलेलं मांस चिरत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"शू, उत्तरार्ध तुला येतो."

"मला बाबांनी कधी शिकवला नाही."

"शिकवला नसेल. पण वीस वर्षं त्या दाराबाहेर तू होतीस."

"दाराबाहेर मी भांडी घासत होते."

"तुझे कान काही भांडी घासत नव्हते ना?"

उत्तरार्ध बाबांनी आई गेल्यावर रचला. आईची नाव खालच्या भोवऱ्यात उलटली, त्या वर्षी. दार लावून वाजवायचे. वाईट वर्षांत छिन माळ्यावर कोळशाच्या पोत्यांमागे लपवलं, तेव्हा टेबलाच्या कडेवर नुसती बोटं चालवायचे, आणि मी वाटण वाटता वाटता त्या बोटांकडे बघून कुठला स्वर चाललाय ते ओळखायचे. येतो म्हणजे काय, माझ्या हाडांत आहे तो. बाबा चहाच्या दुकानात गेले की मी वाजवायचे. ते परतायच्या आत छिनवर कापड घालून ठेवायचे.

त्यांच्यासमोर मी एकदाच वाजवलं, विशीत. ते म्हणाले होते, "हात स्वच्छ आहे तुझा. पण कोरडा." त्यानंतर मी सहकारी भांडारात कापड मोजायला लागले. तिथे कोरडा हात चालतो.

ताई म्हणाली, "तू दिला नाहीस, तर अर्धाच मुद्रित होईल. बाबांच्या माघारी उत्तरार्ध कुणालाच माहीत राहणार नाही."

"आणि दिला तर रेडिओवर नाव कुणाचं येईल? तुझंच ना?"

"रचना बाबांची, वादन माझं. मग काय येणार?"

बघा. लाज म्हणून नाही.

१३ मार्च

ताईने नवीन खूळ काढलं. छिन खाटेवर बाबांच्या पोटाशी टेकवून ठेवलं. त्यांचा डावा हात तारेवर, छेडायला हिचा उजवा. दोघं मिळून एक वाजवणारा! पहिले दोन-तीन स्वर उमटलेही. मग बाबांचं बोट भलत्याच जागी घसरलं, पुन्हा घसरलं, आणि त्यांनी हात आपटला तो काढ्याच्या वाडग्यावर. काढा सगळा गादीवर. बाबा रडायला लागले. झटक्यानंतर रडू आवरत नाही, वैद्यांनी सांगितलं होतं.

मी तिला खोलीबाहेर काढलं. "मारून टाक त्यांना एकदाचं, म्हणजे रजा सार्थकी लागेल."

गादीची खोळ धुताना ठरवलं. हवाय ना तिला उत्तरार्ध? देते. पण बाबांचा नाही. माझ्या मनाने रचलेला वेडावाकडा कुठला तरी देते. वाजव म्हणावं शांघायमध्ये, जाणकारांसमोर. ते विचारतील, ही कसली रचना? तेव्हा पोलादी तारांमागे तोंड लपव म्हणावं.

१५ मार्च

भांडारात गिऱ्हाईक नव्हतं. गजपट्टीवर बोटं चालवून खोट्या उत्तरार्धाला सुरुवात केली. पद्धत सोपी आहे. बाबांची तार जिथे वर चढते, तिथे माझी खाली. ते जिथे स्वर स्थिर सोडतात, तिथे मी तो थरथरवते. बाबांच्या उत्तरार्धात सगळं कसं शांत: धुकं विरतं, नदी रुंद होते, चंद्र. मी म्हटलं, आपण घाण घालू. आईला शोधायला मी गेले होते त्या सकाळचा नावाडी घातला. सबंध वाट शिव्या देत वल्हं मारत होता, नदीला, भोवऱ्याला, देवाला. जाडी तार, तुटक. ऐकणाऱ्याला किळस आली पाहिजे.

१६ मार्च

आज लव्हाळी घातली. आई खाली कुठे लव्हाळ्यांत अडकली होती. ओळखायला मी गेले. बाबा आले नाहीत, घरी दार लावून बसले. ताईला कळवूच दिलं नाही त्यांनी, तिची परीक्षा होती. लव्हाळी पटकन बाजूला होत नाहीत. एक जुडी सारली की मागे दुसरी. म्हणून एकच छोटी लकेर पुन्हा पुन्हा, दर वेळी जरा पुढे सरकून अडणारी. आणि मग बूट दिसला. तिथे काहीच ठेवलं नाही. नुसतं बोट तारेवरून आवाज न करता सरकतं. छिनवर इतका वेळ काही न वाजवणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा. ताईची फजिती व्हायला एवढंही पुरे आहे.

कापड मोजताना एका बाईला हातभर जास्त कापून दिलं. इतकं डोकं यात गुंतलंय. सूडालाही मेहनत लागते.

१९ मार्च

शिकवायला सुरुवात. बाबांच्या कानावर जाऊ नये म्हणून भांडारामागच्या रिकाम्या गोदामात. ताईला सांगितलं, "घरी नको, ते अस्वस्थ होतात." तिला पटलं.

मी वाजवते, ती ऐकते, मग ती वाजवते. बोटं तिची तयार आहेत, हे मान्य. नावाड्याच्या शिव्यांपाशी तिने मान वर केली.

"बाबांनी इथे असं वाजवलं?"

"असंच."

"बाबांनी?"

"मी काय मनाने सांगतेय? नको असेल तर राहू दे."

"नको नाही म्हटलं मी. पुढे दाखव."

पाटी कोरी आहे हिची. जे लिहाल ते उमटतं.

२१ मार्च

लव्हाळी झाली. तो न वाजणारा भाग दाखवला. तिने तसंच बोट तारेवरून एकदा सरकवून बघितलं. मग विचारलं, "शू, आईला कुणी ओळखलं होतं?"

"मी. का?"

"काही नाही. मला कधी कुणी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलं नाहीस."

घरी आल्यावर तिने स्वतःहून चूल पेटवली. मिरच्या परतताना तिचे डोळे गळत होते. इतकी वर्षं शहरात राहून मिरचीचा धूर सोसवेना.

२५ मार्च

गेली. बोटीवर पाऊल ठेवताना म्हणाली, "तू किती कष्टाने दिलंस, मला कळतंय." मी म्हटलं, "काहीच कळत नाहीये तुला," आणि अजून हसू आवरत नाहीये.

२१ एप्रिल

उद्या दुपारी रेडिओवर लागणार. एक गोष्ट मी धरलीच नव्हती: इथेही लागेल. सबंध लियूथान गाव ऐकेल. बाबा ऐकतील.

आमच्या रेडिओतल्या बॅटऱ्या काढून तांदळाच्या रांजणात पुरल्या.

२२ एप्रिल

पान काकू शेजारी राहते हे विसरले होते. तांदळाच्या टोफूचं दुकान बंद ठेवून, आपला रेडिओ पोटाशी धरून, मागे अर्धी गल्ली घेऊन ती आली. "अगं, बाबांना नको का ऐकायला? त्यांचं गाणं!" मी म्हटलं त्यांना बरं नाही. तिने मला कोपराने बाजूला सारलं आणि रेडिओ उशाशी ठेवला.

निवेदिका म्हणाली, रचना थान पोयुआन, वादन थान ल्वोयाओ. पूर्वार्ध लागला. बाबा भिंतीकडे वळले. उत्तरार्ध सुरू झाला तसा त्यांचा डावा हात पांघरुणावर आपला खरा उत्तरार्ध वाजवायला लागला, दोन-चार स्वर, आणि थांबला. नावाडी आला. लव्हाळी आली. मग तो न वाजणारा भाग. रेडिओ बिघडला समजून पान काकू त्यावर थाप मारायला निघाली, पण तिचा हात वरच राहिला. खोलीत कुणी हलेना. पान काकूने तोंडात बाही कोंबली. ती बाई स्वतःच्या नवऱ्याच्या मयतीला रडली नव्हती.

संपल्यावर बाबा सावकाश माझ्याकडे वळले. माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की अजून वळ आहे. तोंड वाकडं करून जोर लावून आवाज काढला: "श्... शूऽ." पुन्हा, "शूऽ." गप्प कर म्हणत होते. गप्प कर हे, थांबव. मी म्हटलं, "बाबा, संपलं ते, बंद केलाय रेडिओ." ते मान हलवत राहिले, मनगट सोडेनात, आणि "शूऽ, शूऽ." सुया टोचायला आलेले छू वैद्य दारातून म्हणाले, "अरे वा, शब्द फुटायला लागला!" शब्द कसला, संताप होता तो. त्यांना कळलं. माझा खोटेपणा त्यांना बरोबर कळला.

मी अंगणात जाऊन लाकडं फोडली. लागत नव्हती तरी फोडली.

२९ एप्रिल

सगळं उलटं झालं. पत्रं यायला लागलीत. प्रांताच्या राजधानीतून एका वृद्ध वादकाने लिहिलंय की पूर्वार्धात थान पोयुआन निसर्गाचे मोठे चित्रकार आहेत, पण उत्तरार्धाने मला दोन दिवस जेवू दिलं नाही. फजिती व्हायची ती बाजूलाच राहिली, ताईचा जयजयकार चाललाय. माझं खोटंसुद्धा तिच्या पथ्यावर पडतं! आणि बाबा रोज मला जवळ बसवून त्या एका हाताने रागावतात. माझा हात उलटा करून बोटांच्या टोकांवर अंगठा फिरवतात. तारांनी पडलेले घट्टे तपासतात. चोराची झडती.

९ मे

बाबा सकाळी पेज घेता घेता गेले. शेवटचा घोट गिळलाच नाही. डावा हात माझ्या हातात होता.

१२ मे

ताई काल पोचली. आज सकाळी, लोक यायच्या आधी, ती पांढरे कपडे घालून शवपेटीजवळ छिन मांडत होती.

"काय वाजवणार आहेस?"

"धुक्यातली नाव. पूर्ण."

मला राहवलं नाही. त्यांच्या उशाशी तरी ते नको. मी म्हटलं, "थांब. तो उत्तरार्ध बाबांचा नाही. मी खोटा शिकवला तुला."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"नावाडी आला तेव्हाच कळलं. बाबांनी आयुष्यात कुणाला शिवी दिली नाही, तारेवर कुठून देतील? लव्हाळ्यांपाशी तर शंकाच उरली नाही. तिथे तू गेली होतीस, ते नाही."

"आणि तरी वाजवलास? बाबांच्या नावावर?"

"तुझं नाव सांगितलं असतं तर तू वाजवू दिला असतास?"

मी तिला ढकललं. छिनपुढे बसले आणि तिला दाखवायला बाबांचा खरा उत्तरार्ध सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. त्यांच्यासमोर. एकही स्वर चुकला नाही. धुकं विरलं, नदी रुंद झाली, चंद्र वर आला. ऐक म्हणावं, ही खरी वस्तू.

ताईने ऐकलं. डोळे मिटून, पूर्ण ऐकलं. मग पेटीकडे बघत, जणू त्यांची माफी मागत, म्हणाली, "फार सुंदर आहे. नदी आहे यात. आई नाही."

मी तिच्या थोबाडीत मारली. शवपेटीसमोर, पांढऱ्या कपड्यांत. तिने गाल धरला नाही, काही नाही. लोक यायला लागले म्हणून मी उठले.

शेवटी तिने नुसता पूर्वार्ध वाजवला. तिथे थांबली आणि माझ्याकडे बघितलं. सगळे वाट बघत होते. मी जागची हलले नाही.

१३ मे

ती गेली. बरं झालं.

टेकडीवर पुरून आल्यावर घर झाडलं. बाबांचं वाक्य डोक्यात घुमतंय, हात कोरडा. आणि तिचं, आई नाही. खरं सांगायचं तर वाजवताना मलाही वाटलं होतं. शेवटाकडे येताना मी आईला शोधत होते, इतकी वर्षं दाराबाहेर बसून ती आत आहे असं धरून चालले होते, आणि तिथे चंद्रच होता. बाबा दार लावून हे एवढंच करत होते? पण हे बोलायचा हक्क ताईला नाही. मला आहे. मी भांडी घासलीत.

१७ जून

पान काकू ओरडत आली. "लाव, लाव, पुन्हा लागलंय!" बॅटऱ्या रांजणातून काढून घालेपर्यंत निवेदिकेचं अर्धं बोलून झालं होतं. पण हे स्पष्ट ऐकलं: "...पूर्वार्ध थान पोयुआन यांचा, उत्तरार्ध त्यांच्या धाकट्या कन्या थान वानशू यांचा."

माझी परवानगी कुणी घेतली? सबंध देशासमोर माझं नाव घेऊन मोकळी झाली! पान काकू मला मिठी मारून म्हणते, "अगं, बाबा शेवटी शेवटी तुझंच नाव घेत होते गं, शू शू करून! मी सांगणार होते, पण तू लाकडं फोडत होतीस." मी तिला म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस. ती गेली. मी दार लावलं आणि भिंतीला टेकून खाली बसले.

ही नवीन ध्वनिमुद्रिका होती. या वेळी रेशमी तारा लावल्यात तिने, लगेच कळलं. सगळं चांगलं चाललं होतं. पण लव्हाळ्यांपाशी तिचा अंगठा घाई करतो. एक जुडी नीट बाजूला व्हायच्या आत दुसरी सारते. तिथे कुणी घाई करत नाही. पुढे काय दिसणार आहे ते ज्याला माहीत असतं तो तर मुळीच करत नाही.

भांडारात रजेचा अर्ज दिला. रविवारच्या बोटीचं तिकीट काढलं. समेट वगैरे करायला चाललेले नाही, ती कितीही लोंबकळू दे गळ्यात. एवढा अंगठा सरळ करायचा आणि परत यायचं.